थोड्या शक्तीचा संगणक

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत असल्याचे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. मुलांना निर्भयपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक हवा, असे त्यांना वाटले. या तळमळीतून २०१२ साली 'रास्पबेरी पाय' हा संगणक विक्रीस आला. किंमत अवघी ३५ डॉलर, आकार पत्त्याच्या पानाएवढा. आणि वीज इतकी थोडी लागे, की तो मोबाइलच्या चार्जरवरही चाले.

परंतु त्याची शक्तीही बेताचीच होती. वेबपृष्ठे दाखविणारा ब्राउझर त्यावर फार रेंगाळे. अधिक शक्तिमान यंत्र घडवावे, तर किंमत वाढणार आणि गरीब मुलांच्या हातून ते जाणार. मग उपाय कोणता? यंत्राचे व्यर्थ श्रम वाचविणे, हाच!

त्या दृष्टीने सुधारलेला ब्राउझर २०१४ साली तयार झाला. त्यात पृष्ठाचे लहान लहान चौकोनी तुकडे कल्पिले होते. पृष्ठ वर सरकविले, की काढून झालेले तुकडे तसेच पुढे सरकत. नव्याने दिसू लागणारे तुकडे तेवढे काढावे लागत. चित्रांचीही अशीच व्यवस्था होती. इंटरनेटवरून चित्र आवळलेल्या रूपात येते. ते उलगडल्यावाचून दाखविता येत नाही. एकदा दळलेले पीठ आपण डब्यात भरून ठेवतो, त्याप्रमाणे उलगडलेले चित्र हा ब्राउझर साठवून ठेवी. चलचित्रे उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर न टाकता त्यासाठीच बनविलेल्या विद्युत्-मंडलाकडे सोपविले गेले.

यामुळे वेळ वाचतोच. शिवाय वीजही वाचते. प्रोसेसर राबत असताना अधिक वीज खातो. विसावला, की कमी. म्हणून आजचे ब्राउझर नजरेआड असलेल्या पृष्ठांची कामे मंदावतात. आपणही नको असलेली पृष्ठे मिटवून टाकली, तर जुन्या संगणकाचा भार हलका होतो.

२०१६ साली त्या ब्राउझरची जागा 'क्रोमियम'ने घेतली. तरी त्याने दाखविलेला मार्ग जुना झालेला नाही. मुलांनो, आपला संगणक मंद चालू लागला, तर लगेच नवा मागू नका. तो कोणते काम विनाकारण करीत आहे, ते आधी शोधा.