दादर-माटुंगा : एका उपनगराची घडण आणि त्याचे शिल्पकार

दादर आणि माटुंगा हे भाग आज मुंबईच्या मध्यवर्ती वस्तीत मोडतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची आखणी उपनगर म्हणून झाली होती, याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. 'उपनगर' ही संज्ञा मुळातच सापेक्ष आहे. शहराची सीमा पुढे सरकली की कालचे उपनगर आज पेठ बनते, आणि 1950 मध्ये साष्टीचा दक्षिण भाग मुंबईत समाविष्ट झाल्यानंतर दादरची गती नेमकी हीच झाली. तथापि त्याच्या रस्त्यांची रुंदी, दोन इमारतींमधील अंतर आणि बागांची स्थाने यांवर मूळ आखणीची मुद्रा अद्याप स्पष्ट दिसते. ही मुद्रा कोणाची, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

या उपनगराच्या जन्मास प्लेगची साथ कारण झाली. 1896 च्या उत्तरार्धात मांडवी भागात रोग प्रथम आढळला, आणि पुढील काही महिन्यांत हजारो लोकांनी शहर सोडले. दाट वस्ती, काळोख्या खोल्या आणि कोंदट हवा यांतच रोगाचे मूळ आहे, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदीर व पिसवा यांच्याद्वारे होणारा प्रसार सर्वमान्य होण्यास अजून अवधी होता. अपुऱ्या निदानातून एक दूरगामी उपाय निघाला, असे म्हणावयास हरकत नाही. ग्लासगो शहराचा कित्ता समोर ठेवून 1898 च्या कायद्यान्वये 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढणे, विस्थापितांसाठी चाळी बांधणे आणि बेटाच्या उत्तरेकडील मोकळी जमीन संपादून तेथे नवी वस्ती वसविणे, अशी तिची तिहेरी कार्ये होती. यांपैकी तिसऱ्या कार्यातून दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना निघाल्या.

ही जमीन ओसाड होती असे मात्र नव्हे. येथे भातशेती होती, वाड्या होत्या, सखल पाणथळ भाग होता. संपादन, भराव, गटारे आणि रस्ते यांतच कित्येक वर्षे गेली, मध्यंतरी पहिले महायुद्ध आले, आणि प्रत्यक्ष इमारतींचा बहर 1920 नंतरच्या दोन-अडीच दशकांत दिसला. ट्रस्टने स्वतः घरे फारशी बांधली नाहीत. आखलेले भूखंड अटी घालून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाचे, आणि बांधकाम पट्टेदाराने करावयाचे, अशी पद्धत होती. म्हणून या उपनगराचा पहिला शिल्पकार शोधावयाचा तर तो एखाद्या इमारतीच्या कोनशिलेवर सापडणार नाही. तो भाडेपट्ट्याच्या अटींमध्ये सापडतो.

या अटींचा गाभा म्हणजे प्रकाशाचा नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास त्याचा आग्रहाने पुरस्कार केला. नियमाचे सार असे : राहत्या खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरील इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा क्षितिजाशी होणारा कोन 63½ अंशांहून अधिक असता कामा नये. हा अंक प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. परंतु या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ 2 आहे, हे लक्षात घेतले की उलगडा होतो. समोरील इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मोकळे असावे, एवढाच त्याचा अर्थ. 50 फूट उंचीच्या इमारतीसमोर 25 फूट मोकळी जागा हवी. विलायतेत अधिक कडक असा 45 अंशांचा दंडक सांगितला जात असे. मुंबईत सूर्य पुष्कळ वर येतो आणि जमीन मात्र महाग आहे, हे जाणून केलेली ही तडजोड होती. गिरगाव-भुलेश्वरातील एकमेकींना टेकलेल्या घरांतून दादरला आलेल्या माणसास जो मोकळेपणा जाणवे, त्याचे बरेचसे श्रेय या कोष्टकाला द्यावे लागते.

दुसरा शिल्पकार म्हणजे वस्ती वसविणारा. दादर पारशी कॉलनी हे याचे उत्तम उदाहरण होय. मंचेरजी एदलजी जोशी हे पेशाने स्थापत्य अभियंता. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी त्यांनी ट्रस्टकडून 103 भूखंड राखून घेतले, इमारतींच्या उंचीस मर्यादा घातली, आणि कोणत्या रस्त्यावर कोणते झाड लावावयाचे हेदेखील ठरविले. जाम-ए-जमशेद मार्गावर अशोक, फिरदौसी मार्गावर महोगनी! वृक्षांच्या निवडीने रस्त्याला व्यक्तित्व देण्याची ही दृष्टी त्या काळच्या कितीशा वास्तुशिल्पज्ञांपाशी होती, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. पाच उद्यानांच्या समूहास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली, माटुंग्यास दक्षिण भारतीयांची वस्ती झाली. जातीपातींचे व भाषांचे हे गट नव्या आखणीतही आपापल्या गल्ल्या धरून राहिले. 1923 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली, 1937 मध्ये रुइया महाविद्यालय निघाले, आणि वस्तीस विद्येचे केंद्र म्हणून लौकिक प्राप्त झाला.

रूढ अर्थाने ज्यांना वास्तुशिल्पज्ञ म्हणावयाचे ते या क्रमात तिसरे येतात. त्यांत गजानन म्हात्रे (1902–1973) यांचे स्थान अग्रगण्य आहे. दादर, माटुंगा व शिवाजी पार्क या भागांतील त्यांच्या इमारतींत वळणदार सज्जे, खिडक्यांवरून सलग जाणारे छज्जे आणि जिन्याच्या दर्शनी भागाची उभी रचना अशी 'आर्ट डेको' शैलीची लक्षणे आढळतात. वास्तुशिल्पज्ञ कमू अय्यर यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने त्यांच्या कार्याची नोंद अभ्यासकांना सुलभ करून दिली. परंतु या पिढीची खरी कामगिरी दर्शनी भागात नव्हे, तर आतल्या आराखड्यात आहे. विलायती उपनगराची कल्पना बंगला आणि भोवती बाग अशी होती. दादरच्या भूखंडावर तसा बंगला बांधणे मध्यमवर्गास परवडणारे नव्हते. त्यातून तळमजला आणि वर दोन मजले अशी स्वतंत्र इमारत, व तिच्यात प्रत्येक कुटुंबास वेगळा 'ब्लॉक', हा प्रकार रूढ झाला.

या ब्लॉकमधील सर्वांत क्रांतिकारक वस्तू म्हणजे घरातले शौचालय. जुन्या घरांत ते राहत्या भागापासून दूर, मागील बाजूस असे, आणि सफाई कामगाराने घरातून येऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्यासाठी वेगळा जिना ठेवीत. भुयारी गटारे आणि पाण्याचा निचरा यांची सोय झाल्यावर शौचालय घराच्या आत आणणे शक्य झाले. तरीही सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांमुळे ते स्वयंपाकघरापासून शक्य तितके लांब ठेवण्याची काळजी आराखड्यांत दिसते. नळ आला म्हणून मन लगेच बदलत नाही.

येथे एका वास्तूचा स्वतंत्र निर्देश आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून सुमारे दोन दशके परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. पुढे त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि ग्रंथसंग्रहासाठी जागा मिळावी म्हणून त्याच्या रचनेत स्वतः लक्ष घातले. चाळ ट्रस्टची आणि उपनगरही ट्रस्टचे. एकाच संस्थेच्या दोन कार्यांमधील अंतर एका आयुष्यात असे पार केले गेले. परंतु हा अपवाद होता. ज्यांची घरे ट्रस्टने पाडली त्या कामकरी वर्गास दादरचे भाडे आवाक्याबाहेरचेच राहिले, आणि त्यांतील अनेकांनी जवळच्याच दुसऱ्या दाट वस्तीत आसरा शोधला. उपनगर भरले ते कारकून, शिक्षक, वकील आणि डॉक्टर यांनी. दाटी हटविण्यासाठी निघालेल्या ट्रस्टने ती काही अंशी नुसतीच हलविली, हा आक्षेप त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

1933 मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि इमारतींच्या देखभालीत घरमालकांना स्वारस्य उरले नाही. 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती आहेत, दादर-माटुंग्याच्या नाहीत. येथील दुमजली-तिमजली इमारती आता पुनर्विकासात एकामागून एक पडत आहेत आणि त्याच भूखंडांवर मनोरे उभे राहत आहेत. ऑर यांच्या जुन्या मापाने 60 मीटर उंचीच्या मनोऱ्यासमोर 30 मीटर मोकळी जागा लागली असती. मूळ भूखंड तीन मजल्यांच्या हिशेबाने आखलेले आहेत.