खातं बंद करताना काय उरतं, काय जातं?

कर्मचारी नोकरी सोडतो, विद्यार्थी कॉलेजातून बाहेर पडतो, आणि मागे राहिलेलं त्याचं ऑनलाइन प्रशिक्षणाचं खातं बंद करायचं काम कुणावर तरी येतं. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेल्या मूडल या शिक्षण-प्रणालीची पहिली पक्की आवृत्ती 2002 मध्ये आली. आज जगभरातल्या शिक्षणसंस्था आणि कंपन्या ती वापरतात, म्हणून तिच्याच आधाराने बोलू.

सर्वांत घातक समज असा, की खातं निष्क्रिय केलं की त्या माणसाचे गुण आणि पूर्ण केलेले कोर्स पुसले जातात. या भीतीपोटी खाती तशीच उघडी ठेवली जातात, आणि संस्था सोडलेला माणूस आतलं साहित्य खुशाल पाहू शकतो. खरं तर मूडलमध्ये खातं ‘सस्पेंड’ केलं की लॉगिन थांबतं. तो त्या क्षणी आत असेल तर बाहेर काढला जातो. गुण, कोर्समधली नावनोंदणी, सोडवलेल्या परीक्षा जागच्या जागी राहतात. तो परत आला की एका क्लिकने खातं पुन्हा चालू होतं.

‘डिलीट’चं तसं नाही. त्याने माणूस सगळ्या कोर्समधून बाहेर पडतो आणि ते खातं पडद्यावरून परत आणता येत नाही. वर्षभराने त्याच माणसाला नवं खातं काढून दिलं, तरी जुन्या नोंदी त्याला आपोआप जोडल्या जात नाहीत. मूडलच्या लेखी तो नवा माणूस असतो. अनिवार्य सुरक्षा प्रशिक्षण कुणी कधी पूर्ण केलं हे पुढे दाखवावं लागणाऱ्या संस्थेला हे फार महाग पडतं. जुन्या आवृत्त्यांत सस्पेंडचं डोळ्याचं चिन्ह आणि डिलीटची कचरापेटी शेजारी शेजारी असतात. डिलीट करण्याआधी मूडल एकदा विचारतं. तिथे थांबून नाव नीट वाचावं.

आणि एवढं करूनही माहिती पूर्ण जात नाही. डेटाबेसमधली त्या व्यक्तीची ओळ तशीच राहते, तिच्यावर ‘डिलीटेड’ अशी खूण होते. युजरनेम आणि ईमेल बदलले जातात, पण नाव-आडनाव उरतं आणि चर्चामंचावर लिहिलेलं दिसत राहतं. त्यामुळे कुणी आपली वैयक्तिक माहिती काढून टाका म्हणून सांगितलं, तर नुसतं डिलीट करून भागत नाही. युरोपचा माहिती संरक्षण कायदा मे 2018 मध्ये लागू झाला, त्याच महिन्यात आलेल्या मूडल 3.5 मध्ये अशा विनंत्यांसाठी स्वतंत्र सोय आहे. भारताच्या 2023 च्या कायद्यातही माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितलेल्या नोंदी त्यातून वगळल्या आहेत.

कोर्समधून नाव काढलं म्हणजे खातं बंद झालं, असंही नाही. तो एकच कोर्स बंद होतो. बराच काळ न वापरलेलं खातंही मूडल आपणहून निष्क्रिय करत नाही.

ऑफिसचा ईमेल बंद झाला की मूडलही बंद होतं, हेही सरसकट खरं नाही. लॉगिन संस्थेच्या सामायिक यंत्रणेशी जोडलेलं असेल तरच तसं घडतं. मूडलमध्येच तयार केलेल्या खात्याला स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो चालतच राहतो. म्हणून निरोपाच्या दिवशी ओळखपत्र आणि लॅपटॉप परत घेतात, त्याच यादीत या खात्याचीही नोंद हवी.