नामवाक्यातील 'मी' : इंग्रजी रचना आणि मराठी वळण

बुलढाणा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात मोडतो. जिल्ह्यातील मराठी साक्ष अपिलाबरोबर तेथे जावयाची तर तिचे इंग्रजी भाषांतर लागते. खामगावच्या कापूसबाजारातील एखाद्या व्यवहाराविषयी साक्षीदार म्हणतो, अशी कल्पना करू : 'रामभाऊ म्हणाला की मी पैसे दिले.' पैसे कोणी दिले? मराठी श्रोता बहुधा 'रामभाऊने' असेच सांगेल. तेच वाक्य 'रामभाऊ सेड दॅट आय हॅड पेड' असे शब्दशः उतरविले, तर पैसे साक्षीदाराने दिले असे ठरते.

पदव्युत्तर वर्गातही हा दोष आढळतो. तो निष्काळजीपणाचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. 'की'नंतर येणारे मराठी नामवाक्य वस्तुतः मूळ वक्त्याचे बोलणे जसेच्या तसे ठेवते. त्यातील पुरुष आणि काळ त्याचेच असतात. संस्कृतात 'इति' हे अव्यय हेच कार्य करी. 'तो येईल म्हणून सांगितले' या रचनेत नामवाक्य क्रियापदाच्या आधी येते. तेलुगूतील 'अनि'ची रचना हिला फार जवळची आहे. इंग्रजी 'दॅट' मात्र उक्ती सांगणाऱ्याच्या दृष्टीने फिरवून घेते. म्हणून 'तो म्हणाला की मी आजारी आहे' याचे 'ही सेड दॅट ही वॉज इल' होते : 'मी'चा 'तो' आणि 'आहे'चा 'होता'. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण इंग्रजी चौकट समोर ठेवीत आलो. त्यामुळे दोन्हीकडे 'नामवाक्य' ही एकच संज्ञा वापरताना हा भेद नजरेआड होतो.

प्रश्नार्थक नामवाक्याचा दोष यापेक्षा किरकोळ आहे. 'तो कोठे राहतो?' हा प्रश्न 'हे मला माहीत नाही' यास जोडताना मराठीत शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत 'व्हेअर डझ ही लिव्ह' याचे 'व्हेअर ही लिव्ह्ज' करावे लागते. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

विभक्तीचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. 'तो येईल याची मला खात्री आहे' यात नामवाक्य स्वतः विभक्ती घेत नाही. 'याची' हे सर्वनाम तिचा भार वाहते. विद्यार्थी त्या 'ची'साठी 'ऑफ' शोधतो आणि 'शुअर ऑफ दॅट ही विल कम' असे लिहितो. इंग्रजीत अशा 'दॅट'पूर्वी 'ऑफ' चालत नाही. 'शुअर दॅट' एवढेच म्हणावे. शब्दयोगी अव्यय ठेवणे अपरिहार्यच असेल, तर मध्ये 'द फॅक्ट' घालता येते, आणि तो आपल्या 'या'चाच इंग्रजी भाऊबंद होय.

आता रामभाऊचे वाक्य. 'रामभाऊ सेड दॅट ही हॅड पेड' हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु तो 'ही' तिसराच कोणी असू शकतो. तेव्हा साक्षीदारास विचारून खात्री झालेली असेल, तर भाषांतरकाराने तेथे सर्वनामाऐवजी रामभाऊचे नावच पुन्हा घालावे. वाक्य बोजड झाले तरी चालेल.