व्यायामानंतर लगेच गोड खावे का?

परवा विज्ञानाच्या तासाला एका मुलीने विचारलं, "सर, डॉक्टरांनी बाबांची साखर बंद केलीय. पण जिममधले दादा म्हणतात, व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात केळं नाहीतर ग्लुकोजचं पाणी घ्यायलाच हवं. खरं कोणाचं?" पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नव्हतं. वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

भात-पोळीचं ग्लुकोज होऊन रक्तात येतं. स्नायूंच्या पेशीचं दार त्याच्यासाठी उघडणारी किल्ली म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं इन्सुलिन. कुलूप गंजलं की किल्ली नीट फिरत नाही, मग स्वादुपिंड आणखी किल्ल्या पाठवत राहतं. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. तो फक्त जाड माणसांना होतो, असं समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

आता गंमत बघा. या पेशीला मागचं दारही आहे. स्नायू काम करू लागले की ग्लुकोज आत नेणारी 'ग्लुट-४' नावाची प्रथिने इन्सुलिनशिवायही पेशीच्या कडेला येतात. व्यायाम थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस पुढचं कुलूप जरा सैल फिरतं, कारण स्नायूंना आपला रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरायचा असतो. मोठ्या माणसाच्या स्नायूंत हा साठा सुमारे ४०० ग्रॅम असतो.

म्हणजे जिममधले दादा अगदीच चुकीचे नाहीत. सकाळी पळून संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरणाऱ्या खेळाडूला तो साठा घाईने भरावा लागतो. पण बाबा अर्धा तास चालतात. त्यात जळतात फार तर सव्वाशे कॅलरी, आणि २५ ग्रॅम साखरेतच १०० कॅलरी असतात! व्यायामात खर्च झालेली ऊर्जा लगेच कर्बोदकांनी भरून काढली, तर इन्सुलिनला मिळणारा फायदा बराच कमी होतो, असं प्रयोगांतही दिसलं आहे. तेव्हा तहान लागली तर पाणी प्यावं आणि भूक लागली की नेहमीचं जेवण, भाकरी, उसळ, ताक. साठा दिवसभरात आपोआप भरतो.

एक गोष्ट मात्र वर्गात दोनदा सांगितली. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं गरगरतं. तेव्हा ग्लुकोज लगेच द्यायचं, तिथे हे सगळं शास्त्र बाजूला! म्हणून मुलीला विचारलं, "बाबा कोणत्या गोळ्या घेतात?" तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून घेऊन आली. मी म्हटलं, "हे पान मला नको, बाबांना डॉक्टरांकडे न्यायला सांग."