लवंग आणि तिची मात्रा

मसाल्याच्या डब्यातील बहुतेक जिन्नस बिया, फळे, साली किंवा कंद या रूपांतले असतात. लवंग मात्र उमलण्यापूर्वीच खुडून वाळवलेली फुलाची कळी आहे. तिचा खिळ्यासारखा लांबट भाग देठ वाटत असला, तरी वास्तविक तो फुलाचा मांसल तळ असून त्याच्या वरच्या टोकाशी अंडाशय असते. त्यावरचे चार टोकदार दाते म्हणजे निदले, अर्थात कळीचे बाह्य आवरण, आणि त्यांच्या मधोमध बसलेली गोल टोपी म्हणजे न उघडलेल्या चार पाकळ्यांची घडी, जिच्या आत पुष्कळ पुंकेसर दडलेले असतात. वनस्पतिशास्त्रात या सदाहरित वृक्षाला सिझिजियम ॲरोमॅटिकम म्हणतात. जांभूळही याच प्रजातीतले असल्याने कोकणातल्या परसातील जांभळाचे आणि लवंगेचे जवळचे नाते आहे.

झाड लावल्यापासून पहिला बहर येण्यास साधारणपणे सहा ते आठ वर्षे लागतात आणि पुढे ते अनेक दशके उत्पन्न देत राहते, तरी दरवर्षीचा बहर सारखा नसतो; एका वर्षी भरपूर कळ्या येतात, तर पुढच्या वर्षी झाड जवळजवळ रिकामे राहते. हिरव्या कळीवर गुलाबी छटा चढू लागली, पण पाकळ्या अजून उघडल्या नाहीत, एवढाच थोडा काळ काढणीस योग्य असतो, कारण फूल उमलले की मालाची प्रत घसरते. कळ्यांचे घोस हातानेच खुडावे लागतात, मग त्या देठांपासून सोडवून चार-पाच दिवस उन्हात वाळवाव्या लागतात, आणि या वाळवणीत त्यांचे सुमारे दोन-तृतीयांश वजन कमी होऊन त्यांना गडद तपकिरी रंग येतो. तीन किलो ताज्या कळ्यांमागे जेमतेम एक किलो लवंग हाती पडते, यावरून तिच्या किमतीमागील श्रमांची कल्पना यावी.

लवंगेचा वास, तिखटपणा, जिभेला येणारा बधिरपणा आणि तिचे बहुतेक औषधी गुण हे सारे कळीतील बाष्पनशील तेलावर, म्हणजे सहज वाफ होऊन दरवळणाऱ्या सुगंधी तेलावर, अवलंबून आहेत. चांगल्या लवंगेत हे तेल वजनाच्या १५ ते २० टक्के भरते, आणि मसाल्याच्या पदार्थांत हे प्रमाण फारच मोठे आहे. त्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल या एकाच संयुगाचा असतो. तुळस आणि दालचिनीची पाने यांतही युजेनॉल आढळते. तुळशीचे पान चावताना लवंगेची किंचित आठवण होते ती त्यामुळेच. एका छोट्या कळीत इतके प्रभावी द्रव्य इतक्या प्रमाणात साठलेले असल्याने लवंगेच्या उपयोगाचा विचार मात्रेच्या, म्हणजे प्रमाणाच्या, विचारापासून वेगळा करता येत नाही, आणि भारतीय स्वयंपाकाने हे फार पूर्वी ओळखले होते.

युजेनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही, परंतु तेला-तुपात सहज विरघळते. नारळी पौर्णिमेच्या नारळी भातासाठी किंवा साखरभातासाठी आधी तुपात लवंगा परतून मग त्यावर तांदूळ घालण्याची जी रीत घरोघरी पाळली जाते, तिचे हेच शास्त्र आहे. तुपात उतरलेला गंध शिताशितापर्यंत पोहोचतो, आणि गूळ-साखरेचा गोडवा लवंगेच्या तिखट, किंचित तुरट चवीने तोलला जातो. युजेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २५४ अंश सेल्सिअस, म्हणजे पाण्याच्या दुपटीहून अधिक असल्याने, दीर्घकाळ शिजणाऱ्या बिर्याणीत किंवा मटणाच्या रश्श्यातही लवंगेचा दरवळ बराच टिकून राहतो. गोडा मसाला करताना प्रत्येक जिन्नस थोड्या तेलावर वेगवेगळा परतण्याचा आग्रह जुन्या गृहिणी धरतात तोही अगदी योग्य आहे, कारण धण्यांना लागणारी आच लवंगेला लागली तर ती करपून कडू होते आणि साऱ्या मसाल्याची चव बिघडवते. गोव्यातील शाकुतीच्या वाटणात, मालवणी आणि सावजी मसाल्यांत, तसेच मसालेभातात लवंग असतेच, पण तिचे प्रमाण धणे-खोबऱ्याच्या मानाने अगदी थोडे असते. जेवणानंतर विड्याला टोचलेली लवंग पानाची घडी धरून ठेवते आणि मुखशुद्धीही करते.

इतर देशांनीही तिला आपापल्या परीने सामावून घेतले आहे. चीनमधील पंचमसाल्याच्या पुडीत ती असते, युरोपात ती हिवाळ्यात मसाले घालून ऊन केलेल्या मद्यात आणि भाजलेल्या मांसात पडते, आणि इंडोनेशियात तर तिचा फार मोठा हिस्सा स्वयंपाकाऐवजी तंबाखूत लवंग मिसळून केलेल्या क्रेटेक नावाच्या सिगारेटींत जळून जातो. जगातील सर्वांत जास्त लवंग पिकवणाऱ्या देशातच तिचा असा वापर व्हावा, ही आरोग्याच्या दृष्टीने खेदाची गोष्ट आहे.

इंडोनेशिया हीच लवंगेची जन्मभूमी आहे. त्या देशाच्या पूर्व भागातील मालुकू द्वीपसमूहात तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान ही ज्वालामुखीची बेटे असून, मानवी इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात साऱ्या जगाला मिळणारी लवंग एवढ्याच भूभागातून येत असे. चीनमध्ये हान घराण्याच्या काळात सम्राटासमोर बोलताना दरबाऱ्यांना तोंडात लवंग धरावी लागे. भारतातही ती सागरमार्गाने येते हे ठाऊक होते. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवराच्या प्रसंगी, कलिंगाच्या समुद्रकिनाऱ्याचे वर्णन करताना अन्य द्वीपांवरून लवंगेची फुले वाहून आणणाऱ्या वाऱ्यांचा उल्लेख केला आहे. पुढे हा व्यापार मलाय, गुजराती आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातांतून होत युरोपपर्यंत पोहोचे, आणि प्रत्येक बंदरागणिक किंमत वाढत जाई.

ही साखळी तोडून थेट उगमापर्यंत पोहोचण्याची ईर्ष्या युरोपीय सागरी मोहिमांमागे होती. पोर्तुगिजांनी १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि लगेच पुढच्या काळात त्यांची माणसे मालुकूत पोहोचली. स्पेनच्या वतीने पश्चिमेकडून निघालेल्या मॅगेलनच्या मोहिमेतील पाच जहाजांपैकी व्हिक्टोरिया हे एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १५२२ मध्ये अवघ्या अठरा खलाशांसह परतले, तेव्हा त्याच्या तळघरात तिदोरेहून भरलेली लवंग होती, आणि त्या मालाच्या विक्रीतून मोहिमेच्या खर्चाचा मोठा भाग भरून निघाला. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०५ मध्ये पोर्तुगिजांकडून अंबोन घेतल्यानंतर जे धोरण अवलंबिले ते मात्र व्यापाराच्या इतिहासातील अत्यंत निष्ठुर प्रकरणांपैकी एक म्हटले पाहिजे. भाव चढे ठेवण्यासाठी कंपनीने लवंगेची लागवड अंबोन आणि त्याच्या आसपासच्या बेटांपुरती मर्यादित केली, १६५२ मध्ये तेर्नातेच्या सुलतानाशी करार करून त्याच्या मुलखातील झाडे नष्ट करण्याचा हक्क मिळवला, आणि ‘होंगी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र नौकांच्या फेऱ्या काढून इतर बेटांवरील लवंगेची झाडे तोडवली. त्या नौका वल्हवण्याची सक्ती बेटांवरील लोकांवरच होती. ज्या मातीत लवंग जन्मली त्याच मातीतून ती मुळासकट काढली गेली, आणि तिच्यावर जगणाऱ्या माणसांचा आधार तुटला.

ही मक्तेदारी अखेर फ्रेंचांनी मोडली. मॉरिशसचा, त्या वेळच्या इल द फ्रान्सचा, फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याच्या प्रयत्नांनी १७७० च्या सुमारास लवंगेची रोपे तेथे पोहोचली आणि पुढे हिंदी महासागरातील इतर बेटांवर पसरली. भारतात ईस्ट इंडिया कंपनीने १८०० च्या सुमारास तमिळ प्रदेशातील कुट्रालम येथे तिची लागवड केली, आणि आज कन्याकुमारी जिल्ह्यातील लवंगेला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळालेली आहे. सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती पूर्व आफ्रिकेच्या झांजिबार बेटावर. ओमानचा सुलतान सईद बिन सुलतान याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे लवंगेच्या बागांना उत्तेजन दिले आणि आपली राजधानीही तेथे हलवली. मात्र त्या बागा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभ्या होत्या. १८७२ च्या चक्रीवादळाने झांजिबारमधील बहुतेक झाडे आडवी केल्यावर शेजारचे पेंबा बेट लवंगेचे मुख्य केंद्र बनले.

या व्यापाराला भांडवल पुरवणारे अनेकजण कच्छी आणि गुजराती व्यापारी होते, आणि झांजिबारची लवंग मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरत असे. ब्रिटिश संरक्षणाखालील तेथील सरकारने १९३७ मध्ये लवंगेचा निर्यात व्यापार बागायतदारांच्या एका संघाच्या हाती एकवटणारा कायदा केला, तेव्हा तेथील भारतीय व्यापाऱ्यांच्या पोटावरच घाला आला. त्याविरुद्ध भारतात झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारण्यात आला, काँग्रेसने त्याला पाठिंबा दिला, आणि पुढच्याच वर्षी तेथील सरकारला तडजोड करावी लागली. स्वातंत्र्यलढ्यातील बहिष्कार म्हटला की परदेशी कापडच सर्वांच्या मनात येते. लवंगेचा हा बहिष्कारही तितक्याच आस्थेने सांगितला जायला हवा.

औषध म्हणून लवंगेचा उल्लेख आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत सापडतो. चरकसंहितेत तोंडाला स्वच्छता, रुची आणि सुगंध येण्यासाठी मुखात धरण्याच्या द्रव्यांत जायफळ, कंकोळ, विड्याचे पान आणि कापूर यांच्याबरोबर लवंग सांगितली आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ती दीपन, म्हणजे भूक वाढवणारी, आणि पाचन, म्हणजे अन्न पचवण्यास मदत करणारी, असे वर्णन असून उलटी, पोटफुगी, खोकला, दमा आणि उचकी यांवर ती सुचवलेली आहे. विशेष म्हणजे लोकसमजुतीत ‘उष्ण’ मानली गेलेली लवंग या ग्रंथात शीत गुणाची म्हटली आहे. घसा बसला किंवा खोकला झाला असता चघळण्याची लवंगादि वटी ही लवंग, मिरी, बेहडा आणि कात यांच्या चूर्णापासून बाभळीच्या सालीच्या काढ्यात केली जाते आणि आजही वापरात आहे.

दुखऱ्या दातावर लवंग धरण्याचा घरगुती उपाय आधुनिक शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश पुढे जातो तो सोडियमचे कण पेशीत शिरण्याच्या सूक्ष्म वाटांवर अवलंबून असतो; युजेनॉल या वाटा काही काळ रोखते आणि दाह वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मितीही कमी करते. झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून केलेले सिमेंट दंतवैद्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तात्पुरते भरण म्हणून वापरत आले आहेत. तथापि लवंग वेदना शमवते, कीड बरी करत नाही, आणि ठणका थांबला म्हणून दंतवैद्याकडे जाण्याचे टाळल्यास संसर्ग आत पसरत राहतो. प्रयोगशाळेत लवंगेचे तेल अनेक जिवाणू आणि बुरशी मारते हे खरे असले, तरी त्यावरून ती मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे काही बरे करते असे जे दावे फिरत असतात, त्यांना माणसांवरील पुरेशा चाचण्यांचा आधार नाही.

अन्नातील मिश्रद्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने युजेनॉलची दररोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅमपर्यंत मानली आहे, म्हणजे ६० किलोच्या प्रौढ व्यक्तीसाठी १५० मिलिग्रॅम. वाळलेल्या लवंगेचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि तिच्यात साधारण १० ते १५ मिलिग्रॅम युजेनॉल असते, तेव्हा भातातल्या चार-सहा लवंगा, त्याही घरातल्या सर्वांत वाटल्या जाणाऱ्या, या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतात. लवंगेच्या एका चहाच्या चमच्याभर, म्हणजे ५ मिलिलिटर, तेलात मात्र सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम युजेनॉल असते, तर १० किलो वजनाच्या बाळाची मर्यादा अवघी २५ मिलिग्रॅम आहे. एक-दोन चमचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येऊन यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय युजेनॉलमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, म्हणून रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी लवंगेचे अर्क किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. निव्वळ तेल हिरड्यांवर लावल्यास तेथील त्वचा पोळते. लावायचेच झाले तर ते खोबरेल तेलात चांगले पातळ करून कापसाच्या बोळ्याने, केवळ दुखऱ्या जागी आणि केवळ प्रौढांना लावावे.

बाजारात तेल काढून घेतलेल्या निःसत्त्व लवंगा आणि नुसते देठ मिसळण्याचे प्रकार होतात, म्हणून पूड घेण्यापेक्षा टोपी शाबूत असलेल्या अख्ख्या लवंगा घेणे बरे. चांगली लवंग नखाने दाबली असता तेलाचा ओलावा दिसतो आणि पाण्यात टाकली असता ती तळाशी जाते, तर निःसत्त्व लवंग पृष्ठभागावर तरंगते. अशी पारखलेली लवंग घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेड आणि ओल यांपासून दूर ठेवावी, आणि लवंगेच्या तेलाची बाटली घरात असेल तर ती मुलांच्या हाती कधीही लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावी.