शिष्यवृत्ती देणाऱ्याचे आभार कसे मानावेत?

शिष्यवृत्ती मिळाली की घरी पेढे वाटले जातात, नोटीस बोर्डावर नाव लागते आणि फी भरली जाते. त्यानंतर एक काम उरते आणि बहुतेक वेळा ते राहूनच जाते. ते म्हणजे, ज्याने पैसे दिले त्याचे आभार मानणे. आपल्यापैकी कितीतरी कॅडेट शिष्यवृत्तीवर शिकतात. पुढे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठीही अनेकांना ती लागेल. म्हणून हे आभार कशासाठी आणि कसे मानायचे, ते समजून घेऊ.

आभार मानताना आपण दोन कारणांनी अडखळतो. आभार मानले तर आपण लहान होऊ, मिंधे होऊ असे वाटते. शिवाय काय लिहावे ते सुचत नाही, आणि लिहिलेच तर नुसती स्तुती होते. या दोन्ही अडचणींचे उत्तर मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिजीवनात सापडले.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत असत. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम होती दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. त्यानंतर त्यांनी पीएच. डी.चा प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले.

कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. पण तिथे अस्पृश्य म्हणून कोणी राहायला जागा देईना. कचेरीतली माणसेही त्यांच्यापासून लांब राहत. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेही उघड झाले आणि काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

इतके सोसल्यावर कोणी आभाराचा विषयच मनातून काढून टाकला असता. बाबासाहेबांनी तसे केले नाही. कोलंबियातल्या त्या प्रबंधाचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय आहे. ते पुस्तक त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केले. अर्पणपत्रिका अगदी थोडक्यात आहे. महाराजांच्या वैभवाचे वर्णन तिच्यात नाही. शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता, एवढेच तिच्यात आहे.

यातून मला तीन गोष्टी समजल्या. पहिली, ज्याने जे केले त्याचेच श्रेय किंवा दोष त्याला द्यावा. धर्मशाळेतल्या लोकांच्या वागण्यामुळे महाराजांची मदत खोटी ठरत नाही. दुसरी, आभार मानले म्हणून खरे बोलायचे सोडावे लागत नाही. बडोद्यात काय घडले ते बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये स्पष्ट लिहून ठेवले. तिसरी, आभाराबरोबर त्यांनी केलेले कामही पुढे ठेवले. ज्या शिक्षणासाठी पैसे मिळाले, त्याच शिक्षणातून तयार झालेले पुस्तक त्यांनी अर्पण केले. म्हणून मला वाटते, चांगले आभार म्हणजे मिळालेल्या मदतीचा प्रामाणिक हिशेब. हिशेब देणारा माणूस मिंधा नसतो.

शिष्यवृत्ती देणारे सगळे सारखे नसतात, म्हणून आभाराची रीतही थोडी बदलते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. त्यातून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. शिकलेल्या विद्यार्थ्याने पैसे परत केले की ते पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येतात. अशा ठिकाणी वेळेवर परतफेड करणे हाच आभाराचा मोठा भाग आहे. सरकारी शिष्यवृत्तीमागे एक दाता नसतो. तो पैसा करातून येतो आणि कर सगळा देश भरतो. काडेपेटी विकत घेणारा माणूससुद्धा त्यात भर घालतो. त्याला पत्र पाठवता येत नाही. पण हे लक्षात असले तर वर्गात झोप काढताना थोडी लाज वाटेल!

जिथे पत्र लिहिता येते, तिथे ते असे लिहावे:

१. सुरुवातीला आपण कोण, काय शिकतो आणि कोणती शिष्यवृत्ती कोणत्या वर्षी मिळाली ते सांगावे. विश्वस्तांकडे अनेक विद्यार्थ्यांची नावे असतात.

२. पैसे कशाला वापरले ते नेमके लिहावे. 'आपल्यामुळे माझे जीवन उजळले' यापेक्षा 'आपल्या मदतीतून दोन सत्रांची फी आणि वसतिगृहाचा खर्च भागला' हे वाक्य चांगले.

३. काय झाले आणि काय राहिले, दोन्ही सांगावे. एखाद्या विषयात कमी गुण मिळाले असतील तर तेही लिहावे आणि त्यासाठी काय करत आहोत ते सांगावे.

४. घरच्या गरिबीचे वर्णन करू नये. ते अर्जात देऊन झालेले असते.

५. आभाराच्या पत्रातच नवी मागणी करू नये. नाहीतर आभार हे मागणीचे निमित्त वाटते.

६. पत्र एका पानाचे असावे. एक शिष्यवृत्ती मिळाल्यावर आणि एक निकाल लागल्यावर, अशी वर्षाला दोन पत्रे पुरेत.

पुढे प्रबंध लिहाल तेव्हा सुरुवातीला ऋणनिर्देशाचे पान असेल. मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांच्याबरोबर शिष्यवृत्तीचे नावही तिथे स्पष्ट लिहावे.

पालकांना एक विनंती. हे पत्र मुलासाठी तुम्ही लिहून देऊ नका. शुद्धलेखन तपासा, पण वाक्ये त्याचीच राहू द्या. पैसे देणारा त्या मुलाला कधी भेटलेला नसतो. ते पत्र हीच त्यांची ओळख असते, आणि पुढच्या वर्षी आणखी एका मुलाला मदत करावी की नाही, हेही कदाचित त्यावरून ठरेल.

मित्रांनो, या सत्राचा निकाल हातात आला की आधी घरी फोन करा. त्यानंतर एक कोरा कागद घ्या आणि ज्याच्या मदतीने शिकलात त्याला चार ओळी लिहा. त्याची उतराई पूर्ण व्हायला पुढची कितीतरी वर्षे आहेत. पत्राला अर्धा तास पुरतो.