खुराडे, डालगे आणि शेड : परसातील कोंबड्यांच्या निवाऱ्याचे शब्द आणि वस्तू

एखाद्या बोलीत कोंबड्यांच्या घराला किती नावे आहेत हे नोंदविणे कठीण नाही. ती नावे एकाच वस्तूची आहेत की भिन्न वस्तूंची, हे ठरविताना मात्र शब्दसूची अपुरी पडते आणि अभ्यासकास परसात जावे लागते. रुडॉल्फ मेरिंगर आणि त्याचे सहकारी यांनी १९०९ साली ज्या नियतकालिकास ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाचे जर्मन नाव दिले, त्याचा आग्रह नेमका हाच होता : शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही. पुढे इटली व दक्षिण स्वित्झर्लंडच्या भाषिक नकाशासाठी हिंडलेल्या पाउल शॉइरमायर याने शब्दांबरोबर शेतकऱ्यांची अवजारे, टोपल्या, गोठे यांची छायाचित्रे व रेखाचित्रेही गोळा केली. मराठीत अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेने १९६३ पासून ध्वनी, रूपे व शब्द यांची मोलाची नोंद केली. वस्तूंच्या बाजूने मात्र अद्याप पुष्कळ काम व्हावयाचे आहे. कोंबड्यांचा निवारा ही त्यासाठी सोयीची वस्तू होय, कारण ती लहान आहे, घरोघर आहे आणि वेगाने बदलत आहे.

मराठीतील दोन जुने शब्द प्रथम घ्यावेत : ‘खुराडे’ (किंवा ‘खुराडा’) आणि ‘डालगे’. शहरी वाचक हे दोन्ही शब्द समानार्थी समजतो. परंतु त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहिली की भेद उघड होतो. खुराड्यात कोंबड्या ‘कोंडतात’. डालग्याखाली त्या ‘झाकतात’. एका शब्दास सप्तमी लागते, दुसऱ्यास ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय. खुराडे ही आत शिरण्याची जागा आहे, तिला दार आहे, जमीन आहे. डालगे हे वरून ठेवण्याचे आच्छादन आहे. त्याला दार नाही आणि तळ म्हणजे अंगणाची जमीनच. सकाळी दोहोंतूनही कोंबड्या ‘सोडतात’, परंतु पहिल्यात दार उघडावे लागते आणि दुसऱ्यात डालगे उचलावे लागते.

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तीतील ‘झाकणे’ वाचून आज अनेकांच्या डोळ्यांसमोर कापड किंवा घोंगडे येते. वस्तू माहीत असणाऱ्यास तसे वाटणार नाही. कोंबडे झाकणे ही डालग्याची रोजची क्रिया आहे आणि म्हणीतील शब्द तेथूनच आला असे मानणे सयुक्तिक होय. ओघात एक गोष्ट सांगावयास हरकत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की कोंबड्याचे पहाटेचे आरवणे त्याच्या शरीरातील कालचक्रावर चालते. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही ठराविक वेळेच्या सुमारास आरवते. म्हणजे झाकल्याने उजाडणे तर राहत नाहीच, आरवणेही राहत नाही.

डालगे बुरूड विणतात. बांबूच्या बेळांचे, मुखाशी रुंद व माथ्याकडे निमुळते असे हे पालथे घालावयाचे टोपले असते. प्रदेशपरत्वे त्याची घडण व आकार बदलतो. त्याचे गुण त्याच्या विणीत आहेत. विणीतून वारा खेळतो, त्यामुळे आतली हवा कोंदत नाही. ते हलके असल्याने रोज नव्या जागी ठेवता येते, म्हणून विष्ठा एका ठिकाणी साचत नाही. ते उन्हात वाळविता येते. दिवसा पिलांसह कोंबडी त्याखाली ठेवली म्हणजे घार व कावळा यांपासून रक्षण होते. रात्रीच्या निवाऱ्यासाठी मात्र ते दुबळे आहे. माथ्यावर दगड ठेवला तरी कुत्रे ते उलथू शकते, आणि कडेच्या फटीतून साप शिरतो. यास्तव जेथे डालगे रात्री वापरतात तेथे ते बहुधा घराच्या आत, पडवीत किंवा ओसरीवर ठेवलेले आढळते. डालगे हा खरे तर घराचाच एक भाग आहे. खुराडे हे स्वतंत्र घर आहे.

स्वतंत्र घर म्हटले की बांधणीचा प्रश्न येतो, आणि तेथे कोंबडीचा स्वभाव प्रथम विचारात घ्यावा लागतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही तिच्यात थोडा अंश आहे, कारण पिवळ्या कातडीस कारणीभूत असलेले जनुक त्याच्याकडून आल्याचे २००८ साली निष्पन्न झाले. हे रानपक्षी रात्री झाडावर बसतात. परसातील कोंबडीही संध्याकाळ होताच उंच जागा शोधते, आणि खुराड्यात उंच जागा नसेल तर नाइलाजाने जमिनीवर, स्वतःच्या विष्ठेत बसते. म्हणून बसण्याची दांडी हे खुराड्याचे पहिले सामान आहे. दर कोंबडीस २० ते २५ सेंटिमीटर जागा मिळावी. दांडी ४ ते ५ सेंटिमीटर रुंद असावी व तिच्या कडा गोलसर तासलेल्या असाव्यात. दहा कोंबड्यांसाठी पाच फूट लांबीच्या दोन दांड्या पुरतात. गिरिराज, वनराजा यांसारखे अंगाने भारी पक्षी असल्यास दांडी बुटकी ठेवावी. उंचावरून उडी टाकताना त्यांच्या पायांस इजा होते.

दहा कोंबड्यांच्या खुराड्यास पाच फूट लांब व पाच फूट रुंद जमीन हिशेबाने योग्य ठरते, म्हणजे प्रत्येकी अडीच चौरस फूट. खुराडे जमिनीपासून दोन फूट उचललेले असले म्हणजे ओल येत नाही, उंदीर-घुशींना खाली दडता येत नाही आणि झाडलोट सोपी होते. तळाशी बांबूच्या कामट्या बोटभर फटी ठेवून बसविल्या, तर विष्ठा खाली पडते. ती रोज काढून खतात घालावी. आत वाकून झाडता येईल इतकी उंची आणि इतके मोठे दार असावे. जे खुराडे झाडता येत नाही ते झाडले जात नाही, आणि बहुतेक जुन्या खुराड्यांचा हाच मोठा दोष आहे. ‘खुराड्यात राहणे’ हा माणसाच्या दाटीवाटीच्या संसाराविषयी रूढ झालेला वाक्प्रचार याच दोषाची साक्ष देतो.

अंडी घालण्याच्या जागेविषयी फारसे लिहावयास नको. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके किंवा टोपली, प्रत्येक बाजू सुमारे ३० सेंटिमीटर, आत वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा, आणि जागा थोडी अंधारी. एकच पथ्य आहे : ही जागा बसण्याच्या दांडीहून खाली असावी. ती उंच असली की कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाण होतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावयाची असेल तर तिला मात्र वेगळी टोपली द्यावी, नाहीतर इतर कोंबड्या तेथेच अंडी घालीत राहतात.

हवेचा प्रश्न अधिक विचार मागतो. थंडीच्या व श्वापदांच्या भीतीने खुराडे सर्व बाजूंनी फळ्यांनी बंद करण्याची प्रवृत्ती असते. पण कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती धापा टाकून अंग थंड करते. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा व कोंदट हवा यांनीच अधिक हानी होते. लांबीची दिशा पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. लांबीच्या दोन्ही बाजूंस वरच्या अर्ध्या भागात जाळी असावी, आणि थंडीत किंवा पावसाच्या झडीत सोडण्यासाठी गोणपाटाचे पडदे. कोकणात वळचण तीन फूट पुढे काढली नाही तर पावसाळ्यात आतली जमीन कधीच वाळत नाही. पत्रा घातल्यास त्यावर गवत किंवा पाचट पसरावे. गवती छप्पर थंड असते, मात्र त्यात उंदीर होतात.

फटींविषयीही सावध राहावे लागते. कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या भेगांत व बांबूच्या पेऱ्यांत दडते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते, म्हणून दिवसा पक्षी तपासणाऱ्यास ती सहसा दिसत नाही. कोंबड्या विनाकारण खंगू लागल्या की पक्षी तपासण्याआधी दांडीची टोके तपासावीत. दांड्या खिळ्यांनी न ठोकता खाचेत बसवाव्यात, म्हणजे काढून उन्हात टाकता येतात. भिंतींच्या भेगा बुजवून चुन्याचा हात देणे हा जुना उपाय आजही टाकाऊ नाही.

तिसरा शब्द ‘शेड’. तो इंग्रजीतून आला, पण खुराड्याच्या जागी आला असे म्हणता येत नाही; त्याने वेगळ्या वस्तूस नाव दिले. हजार पक्ष्यांच्या इमारतीस कोणी खुराडे म्हणत नाही आणि ओसरीखालच्या लाकडी खोक्यास कोणी शेड म्हणत नाही. याच तऱ्हेने ‘कोंबड्या पाळणे’, ‘कुक्कुटपालन’ आणि ‘पोल्ट्री’ ही एकाच व्यवसायाची तीन नावे नसून तीन व्यवहारांची नावे आहेत. पहिला घरातील बाईचा, दुसरा शासकीय योजनेचा, तिसरा बाजाराचा. ‘कुक्कुट’ हा मूळचा ध्वन्यनुकारी संस्कृत शब्द आहे. आज शासकीय लेखनात येताना तो पक्ष्याच्या आवाजापासून किती दूर गेला आहे, हे सांगावयास नको.

शेडबरोबर आलेल्या परिभाषेत ‘गादी पद्धत’ हा शब्द लक्ष देण्याजोगा आहे. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा पसरून त्यावर पक्षी ठेवण्याची ही रीत. शब्द चांगला, घरगुती आणि उच्चारास सोपा आहे. तथापि तो वस्तूच्या एका महत्त्वाच्या अंगाविषयी दिशाभूल करतो. गादी ही एकदा अंथरून तशीच ठेवण्याची वस्तू. तुसाचा थर मात्र वारंवार खालीवर करावा लागतो. तो न हलविल्यास विष्ठा व पाणी यांनी त्याची ढेपळे होतात, त्यातून अमोनिया सुटून पक्ष्यांच्या डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा होते, आणि ओलीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. मुठीत दाबलेले तूस मूठ उघडताच मोकळे झाले तर गादी ठीक. गोळा राहिला तर ओली. पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवल्यास सांडलवंड पुष्कळ कमी होते. परिभाषा घडविणाऱ्याने जाडीवरून नाव दिले, क्रियेवरून दिले नाही. त्यामुळे जे ज्ञान शब्दात यावयास हवे होते ते प्रशिक्षण देणाऱ्याच्या तोंडी राहिले.

कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेस तर मराठीत रूढ शब्दच नाही. पुस्तकांत ‘आवार’, ‘जाळीचे कुंपण’, ‘मोकळी जागा’ असे वेगवेगळे प्रयोग होतात. याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. गावातील कोंबडीस परस, उकिरडा आणि शेजाऱ्याचे अंगण मोकळे होते. वस्तूच नव्हती, तेव्हा शब्द कोठून येणार? आज वस्ती दाटल्याने, कुत्री वाढल्याने आणि शेजाऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यांमुळे ती वस्तू आवश्यक झाली आहे. दर कोंबडीस निदान दहा चौरस फूट जागा धरावी. पण कुंपण घालताच उकिरड्याने जे फुकट दिले होते ते मालकाने पुरवावे लागते : उकरण्यास पालापाचोळा, किडे, हिरवा पाला, आणि अंगावरच्या उवा झाडण्यासाठी कोरड्या मातीत राख मिसळून केलेला धुळीचा खड्डा. बाजारातील षट्कोनी छिद्रांची जाळी कोंबडीस आत ठेवते. मुंगसास बाहेर ठेवीलच असे नाही. खालच्या दोन फुटांस अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावावी आणि ती फूटभर जमिनीत पुरावी. वरूनही जाळी असावी. ती घारीसाठी जितकी, तितकीच दाणापाण्यावर येणाऱ्या रानपक्ष्यांसाठी.

हे शेवटचे कारण केवळ तात्त्विक नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ नोंदली गेली, तेव्हा मोठ्या शेडमधील पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरगुती कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. अशा वेळी काढली जाणारी सूचना ‘कुक्कुटपालकांनी’ या शब्दाने सुरू झाली, तर पाच कोंबड्या झाकणारी म्हातारी ती स्वतःसाठी आहे असे समजेल काय? तिच्या लेखी ती कोंबड्या पाळते, कुक्कुटपालन करीत नाही. तिच्याकडे कुक्कुटगृह नाही, डालगे आहे.

दक्षिणेकडे गेल्यास शब्दांचे चित्र पुन्हा बदलते. गोव्याच्या कोंकणीत खुराड्यास ‘गूड’ म्हणतात. कन्नडात ‘गूडु’ म्हणजे घरटे, आणि कोंबडीचे घर ते ‘कोळिगूडु’. तमिळमधील ‘कूडु’ त्याच कुळातला. येथे घरटे व खुराडे यांस एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत. हा भेद बांधणीच्या भेदाशी जुळतो की नाही, हे दोन्ही बाजूंची खुराडी मोजल्याशिवाय ठरणार नाही. त्यासाठी प्रश्नावलीत ‘कोंबडीच्या घराला काय म्हणता?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. रात्री कोंबड्या कोठे असतात, त्यांना कोंडता की झाकता, दार कोणत्या बाजूस आहे, दांडी आहे काय, ते कोणी विणले किंवा ठोकले, आणि सकाळी प्रथम कोण सोडते, असे विचारून सोबत मापांसह रेखाचित्र काढावे. बुरुडाकडून विणीच्या प्रत्येक भागाचे नाव त्याच्या हातात बेळे असतानाच विचारावे.